चावी फिरवण्याआधी

पातूरचा घाट चढून मेडशीकडे निघालं की रस्ता सपाट होतो न होतो तोच डाव्या हाताला बंजाऱ्यांचा एक तांडा लागतो. त्या तांड्यात मदनसिंग राठोडची गाडी आली की कोणी मान वर करून पाहत नसे. पाहायची गरजच नव्हती. गाडी घरासमोर उभी राहायची, हँडब्रेक करकरायचा, आणि चावी फिरवण्याआधी मदनसिंग उजव्या पायानं एक दणकून रेस द्यायचा. इंजिन पार वरच्या पट्टीत जाऊन ओरडायचं, त्या ओरडण्यातच तो चावी फिरवायचा, आणि आवाज खाली उतरत उतरत विझून जायचा. कोंबड्या कुंपणाबाहेर उडायच्या. आणि घरात त्याची बायको रुपाबाई हातातलं काम टाकून तवा चुलीवर ठेवायची.

जुन्या डिझेल गाड्यांवर हात बसलेले बहुतेक ड्रायव्हर अशी रेस देतात. कोणी म्हणतो त्यानं इंजिनातला धूर निघून जातो, कोणी म्हणतो सकाळी गाडी एका सेल्फात उठते. मदनसिंगला ती त्याच्या उस्तादानं शिकवली, उस्तादाला त्याच्या उस्तादानं, आणि ती का द्यायची हे विचारायचं तिघांपैकी कोणालाच सुचलं नाही. खरं सांगायचं तर त्यात शास्त्र कमी आणि मिजास जास्त होती. दिवसभर गाडी हाकून आलेल्या माणसानं घरात शिरण्याआधी एकदा छाती फुगवून घ्यावी, तसलं ते प्रकरण होतं.

जुनी जीप होती तोवर ती मिजास खपूनही गेली. ती जीप म्हणजे सोशिक जनावर. तिला सकाळी उठल्याउठल्या पिळा, संध्याकाळी पळवत आणून खाडकन बंद करा, तिनं कधी कुरकुर केली नाही. मालेगाव, मेडशी, अकोला या रस्त्यांवर मदनसिंगनं अख्खी उमर अशाच गाड्यांवर काढली. शेत होतं, पण मुरमाड. घर चाललं ते स्टेअरिंगवर. मग मुलगा राजपाल मालेगावात खता-बियाण्यांच्या दुकानात चिकटला आणि त्यानं बापासाठी नवी प्रवासी गाडी घेतली, टर्बो इंजिनची. तिची ओढ अशी की भरल्या गाडीनं घाट चढताना जीपसारखं कण्हणं नाही, थांबणं नाही. मदनसिंग हरखून गेला. भेटेल त्याला सांगत सुटला, "वाघीन हाय वाघीन." आणि त्या वाघिणीला त्यानं जीपच्याच सगळ्या सवयी लावल्या. सकाळी चालू केल्याबरोबर पिळून पिळून धूर काढायचा, आणि संध्याकाळी घाट चढून दारात आलं की ती रेस.

पुरती दोन वर्षंही झाली नसतील, वाघीण घाटातच बसली.

त्या दिवशी अकोल्याहून येताना गाडी भरलेली होती. अर्धा घाट चढल्यावर इंजिनातून किटलीच्या वाफेसारखी शिट्टी यायला लागली, मागं निळा धूर सुटला आणि गाडीतला जीव गेल्यासारखी ओढ गेली. प्रवासी उतरले. खेमा नावाचा तांड्यातलाच म्हातारा, जो दर आठवड्याला डोळे दाखवायला अकोल्याला जायचा, त्यानं चाकामागं दगड लावला आणि धुराकडे पाहत म्हणाला, "मदन्या, तुह्यी वाघीन बिडी प्याले लागली गा." सगळे हसले. मदनसिंगनं बोनेट उघडलं, काही कळलं नाही, पुन्हा लावलं. शेवटी एका ट्रकला दोर बांधून गाडी मालेगावपर्यंत ओढत न्यावी लागली. ज्या रस्त्यावर तो इतकी वर्षं इतरांच्या बंद गाड्यांना टोमणे मारत गेला, त्याच रस्त्यानं ट्रकच्या मागं बांधून जाताना त्यानं डोक्याचा रुमाल पार कपाळावर ओढून घेतला होता.

मालेगावातल्या जगदेव मिस्त्रीनं इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो उतरवून टेबलावर उघडला. राजपालही दुकानातून सुटून आला होता. जगदेवनं त्यातल्या वीतभरही नसलेल्या पंख्याला बोटानं हलवलं. पंखा खुळखुळला.

"हे पाहा, मदनसिंगभाऊ," जगदेव म्हणाला. "हा पंखा इंजनच्या धुराच्या जोरावर फिरते. तुमचं इंजन एक वेढा घेते, तवरच्यात हा चाळीस-पन्नास घेते. अन् याले टेका कायचा हाय? तेलाच्या पातळ सायीचा. त्या तेलावर तो तरंगून राह्यते."

"मंग?"

"मंग तुमी घाट चढून येता, पंखा लालबुंद झालेला. दारात आल्यावर तुमी वरून अजून एक रेस देता, पंखा भिंगरीवानी सुटते, अन् नेमकी तवाच चावी फिरवता. इंजन थांबलं, तेल थांबलं. पंखा थांबत नाई. तो कोरडाच फिरते. अन् आत जे तेल अडकून राह्यलं, ते जळते." जगदेवनं पान्याच्या टोकानं दांड्यावरची काळी पापडी खरवडली. "तव्यावर तेल सांडून जळलं की अशीच पापडी बसते का नाई?"

मदनसिंगनं ती पापडी उचलून बोटांत चुरली. बोटं काळी झाली.

"मंग काय गाडी बंदच नाई कराची?"

"कराची ना. पन आधी दोन-तीन मिनिटं नुसती चालू राहू द्याची, रेस न देता. तेल खेळते, पंखा थंड होते. सकाळी बी तसंच. चालू केली की पिळाची नाई. तेलाले वर चढू द्या, मंग निंगा, अन् इंजन गरम होईतो हलक्या पायानं चालवा."

"हे मले आधी सांगाले पाह्यजे होतं."

"सांगतलं होतं," जगदेव म्हणाला. "गाडी घेतली तवाच. तुमी हसले होते. म्हने, मले गाडी बंद कराले शिकवून राह्यला का?"

ते खरं होतं. मदनसिंगला तो दिवस चांगला आठवला, आपण हसून जगदेवच्या पाठीवर थाप मारली होती तेही आठवलं. मग राजपाल बोलला, आवाज न चढवता.

"बा, या वक्ती मी करून घेतो. पुढच्या वक्ती हा पंखा गेला तर गाडीवर लखनले बसवतो. तू मंग घरी राह्य."

लखन म्हणजे मालेगावातला एक तरणा ड्रायव्हर. पोरगा चांगला होता, हाताचा मऊ, नवीन गाड्यांवरच शिकलेला. म्हणूनच ते बोलणं जास्त झोंबलं. राजपालनं चार शिव्या दिल्या असत्या तर मदनसिंगला परवडलं असतं, दोन बापानंही दिल्या असत्या आणि विषय मिटला असता. पण मुलगा शांतपणे बोलला, म्हणजे त्यानं ठरवलं होतं.

घरी राहणं म्हणजे काय ते मदनसिंगला पुरतं ठाऊक होतं. तांड्याच्या देवळाच्या ओट्यावर त्याच्याच वयाची माणसं दिवसभर बसलेली असत, रस्त्यानं कोणती गाडी गेली यावर वाद घालत. त्यातल्या एकालाही कोणी विचारत नसे की बाबा, उद्या अकोल्याला यायला जमेल का. तांड्यातली बाई अडली, कोणाच्या लेकराला ताप चढला, कोणाला बाजाराला ओझं न्यायचं असलं की माणसं मदनसिंगच्या दाराशी येत. आता ते दार बंद पडणार होतं. परत येताना राजपालच्या मोटारसायकलवर मागं बसून तो स्वतःशीच बोलत होता. राजपालनं विचारलं, काय म्हणतोस. तो म्हणाला, "पाय माहाच हाय ना? मंग माह्यं ऐकन."

पायानं ऐकलं नाही.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या पहिल्याच संध्याकाळी मदनसिंग दारात उभा राहिला, मनाशी ठरवून बसला की रेस द्यायची नाही, आणि हँडब्रेक ओढल्याबरोबर पाय आपसूक खाली गेला. अर्धी रेस होऊन गेली तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं. त्यानं आपल्याच मांडीवर अशी चापट मारली की शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं उजव्या पायातली चप्पल काढून ठेवली, म्हणजे पायाला आठवण राहील. तर पाय अनवाणीच गेला. राग यायचा तो पायाचा नाही, त्या पायाला वळण लावणाऱ्या इतक्या वर्षांचा यायचा. पण मदनसिंग हट्टाला पेटला होता. पायाला सांगून कळत नसेल तर पायाला जागच ठेवायची नाही, असं त्यानं ठरवलं.

गाडी उभी केली, गिअर मोकळा केला, हँडब्रेक ओढला, की लगेच तो उजवा पाय उचलून सीटवर घ्यायचा आणि ओट्यावर बसल्यासारखी मांडी घालायचा. आता पाय रेसपर्यंत पोचणारच नाही. पण मग हात चुळबुळ करू लागला. पाय गप्प बसला की हात आपोआप चावीकडे जायचा, आणि दोन-तीन मिनिटं व्हायच्या आधीच गाडी बंद. दारात येऊन गाडी नुसती चालू ठेवून बसायचं म्हणजे मदनसिंगसारख्या माणसाला सजाच. घड्याळ पाहिलं तर काटा सरकत नाही असं वाटायचं. तेव्हा त्यानं हातालाही काम दिलं. खिशात अडकित्ता होताच, सुपारीचा शौकही होता. मांडी घालायची, अख्खी सुपारी घ्यायची आणि ती अगदी बारीक, बारीक कातरायची. दोन्ही हात गुंतले. सुपारी पुरती कातरून झाली की मगच अडकित्ता खिशात आणि हात चावीवर. सुपारी घट्ट असली तर इंजिन थोडं जास्त थंड व्हायचं, एवढाच काय तो फरक.

लोकांना ही नवी तऱ्हा पाहून मजा वाटली नसती तरच नवल. मालेगावच्या स्टँडवर हेमला नावाचा एक जीपवाला होता, जुन्या जीपवाला. मदनसिंग चालू गाडीत मांडी घालून सुपारी कातरताना दिसला की तो मुद्दाम शेजारी येऊन आपल्या जीपला एक मस्त रेस द्यायचा, बंद करायचा आणि विचारायचा, "काय मालक, इंजन झोपत नाई का? अंगाई म्हनून राह्यले का?" मदनसिंग सुपारी कातरत राहायचा. पूर्वी त्यानं असल्या बोलण्याला सव्याज उत्तर दिलं असतं. आता तो फक्त म्हणायचा, "तुह्या जीपीले जे चालते, ते हिले नाई चालत."

सकाळी मात्र अडचण खरी होती. प्रवाशांना घाई असते. गाडी चालू झाली तरी उभी आहे हे कोणालाच पटत नाही. मदनसिंग निघतो केव्हा याची वाट न पाहता चार जण सकाळी तांड्यावरून जाणाऱ्या हेमलाच्या जीपमध्ये जाऊन बसू लागले. खेमा तर तोंडावरच म्हणाला, "मदन्या, इंजन सुरू हाय अन् गाडी उभी हाय, हे कोनतं गनित हाय?" मदनसिंगनं विचार केला. तो आधी टपावर टोपल्या बांधायचा, काच पुसायचा, पाणी पाहायचा, मागचं दार लावायचा, आणि मग शेवटी येऊन गाडी चालू करून पिळायचा. त्यानं क्रमच उलटा केला. पाणी तेवढं आधी पाहिलं. मग गाडी चालू केली, पाय लावला नाही, आणि खाली उतरून टोपल्या बांधल्या, काच पुसली, दार लावलं. तेवढ्यात इंजिनचा सकाळचा घोगरा आवाज निवळून सरळ व्हायचा. मग नाल्याच्या पुलापर्यंत हळू, आणि पुढं वाघीण. वेळ तेवढाच लागत होता, फक्त कोणाला वाट पाहिल्यासारखं वाटत नव्हतं. हेमलाकडे गेलेल्या चारांपैकी तीन परत आले. चौथ्याचं हेमलाशी नातं निघालं म्हणून तो तिकडंच राहिला.

संध्याकाळच्या सुपारीनंही आपलं काम केलं. कातरलेली सुपारी एकट्यानं खाणं शोभत नाही म्हणून मदनसिंग ती मागं फिरवायचा. उतरायच्या घाईत असणारे लोक हात पुढं करून थांबू लागले. कोणी बातमी सांगायचा, कोणी उद्याचं ठरवायचा. खेमा तर सुपारीची वाट पाहत शेवटपर्यंत बसून राहायचा, दात नसूनही.

हे सगळं जमलं. जमलं नाही ते घरात.

एका संध्याकाळी मदनसिंग जेवायला बसला आणि ताटात गार भाकर आली. दुसऱ्या दिवशी तो हात धुऊन बसला तेव्हा रुपाबाई पीठच मळत होती. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "भाकर अशी कायले होऊन राह्यली?"

"तुमी आले हे मले कसं समजाव?" रुपाबाई म्हणाली. "आधी रेस ऐकली की मी तवा ठेवत होती. तुमी हातपाय धुऊन येता तवरच्यात भाकर फुगत होती. आता गाडी येते कवा अन् बंद होते कवा, मले काईच ऐकू येत नाई. शेजारी टीवी चालते, इथं चूल फुरफुरते."

मग ती ताटाकडे पाहतच म्हणाली, "ते रेस तुमी कवापासून देऊन राह्यले, आठोते का?"

"उस्तादानं शिकवली."

"उस्तादानं शिकवली असन. दारात कवापासून देऊन राह्यले?"

मदनसिंगला आठवेना. रुपाबाईला आठवत होतं. ती नवी नवरी होती. घरात सासू, दोन जेठ म्हणजे थोरले दीर, आणि जेठान्या. नवऱ्यानं वडीलधाऱ्यांसमोर बायकोला हाक मारायची नाही, तिचं नाव तर तोंडातून काढायचंच नाही, अशी रीत. मदनसिंग तेव्हा मालेगावच्या एका सेठची जीप चालवायचा आणि संध्याकाळी ती घरी आणायचा. आपण आलो हे बायकोला सांगायचं तर कसं? एके दिवशी त्यानं दारात ती रेस दिली. चुलीपुढं बसलेल्या रुपाबाईनं घुंगट खाली ओढला, कारण तिला हसू आलं होतं, आणि तवा ठेवला. घरातल्या कोणालाही कळलं नाही. सासू एवढंच म्हणाली, याला गाडी नीट बंदही करता येत नाही का.

सासू जाऊन किती वर्षं झाली. जेठ वेगळे निघाले आणि तेही गेले. ज्यांच्यासमोर लाजायचं असं घरात कोणीच उरलं नाही. पण रेस राहिली, आणि नाव तोंडात आलं नाही ते नाहीच. मदनसिंग बायकोला "ऐकलं का" म्हणायचा, किंवा "राजपालची याडी" म्हणायचा. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

हे ऐकून मदनसिंगचा घास हातातच राहिला. जी गोष्ट तो मिजास म्हणून टाकून द्यायला निघाला होता, ती मुळात काय होती हे तो साफ विसरून गेला होता आणि ती विसरली नव्हती. त्याला वाईट वाटलं. तो म्हणाला, "मंग देत जाऊ का? हलकीशी?"

"अजिबात नका देऊ," रुपाबाई म्हणाली. "हलकीशी म्हनता म्हनता पुरी द्यान. गाडी लखनपाशी गेली तर तुमी घरी बसान, अन् तुमी घरी बसले तर मले जगू देनार नाई. भाकर गार खा."

मदनसिंग गार भाकर खात राहिला.

मधे एकदा जगदेवनं पाईप सोडवून पंखा हलवून पाहिला. पंखा खुळखुळत नव्हता, दांडा स्वच्छ होता. मदनसिंगनं राजपालला मुद्दाम बोलावून दाखवलं. राजपाल म्हणाला, "आता तं नवाच हाय ना बा. लग्नसराई जाऊ दे, मंग पाहू." लखनचं नाव त्यानं काढलं नाही, पण मागंही घेतलं नाही.

लग्नसराईत मदनसिंगची खरी परीक्षा होती, आणि ती राजपालला बापापेक्षा आधी दिसली होती. तांड्यात नवरी येते तेव्हा ती मदनसिंगच्या गाडीतूनच येते. आणि ती गाडी देवळासमोर उभी राहिली की मदनसिंग रेस देतो, लांबलचक, साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशी, आणि मगच नवरी खाली पाय ठेवते. ही रीत कोणी बसवली नव्हती, होता होता बसली होती. तांड्यातल्या कितीतरी सुना त्या आवाजावर उतरल्या होत्या. ज्यांची लेकरं आता मोटारसायकली चालवतात त्या बायासुद्धा सांगायच्या, आमच्या वेळेची रेस अशी होती.

या वर्षी तांड्याचा नायक मोहनसिंग याच्या नातवाचं लग्न होतं. नायकाचा शब्द तांड्यात कोणी खाली पडू देत नाही. नवरी पातूरच्या पलीकडून आणायची होती. ऐन दुपारचं ऊन, गाडीत दाटीवाटीनं बसलेलं वऱ्हाड, टपावर भांडी आणि गादी, आणि पुढ्यात घाट. पुढच्या सीटवर राजपाल बसला होता. मदनसिंगनं गाडी जमेल तेवढी जपून आणली, पण मागं वाजंत्रीवाल्यांची गाडी हॉर्न मारत होती, मुहूर्ताची घाई होती, आणि घाट संपल्यावर हलक्या पायानं चालायला कोणी उसंत दिली नाही. देवळासमोर गाडी उभी राहिली तेव्हा बोनेटवरची हवा थरथरत होती.

डफ वाजत होते. बायका गाणी म्हणत पुढं आल्या. पोरं गाडीभोवती गोळा झाली आणि ओरडू लागली, "मदनसिंगबापू, रेस! रेस!" मोहनसिंग नायक पांढरा फेटा बांधून उभा होता. त्यानं हात वर केला, डफ थांबले, आणि तो खिडकीशी येऊन हसून म्हणाला, "दे मदनसिंग. माह्या नातसुनेची रेस दे."

मदनसिंगचा उजवा पाय रेसवरच होता. त्याला तो तळव्याखाली जाणवत होता. एवढं दाबलं की झालं. आणि चावी लगेच फिरवायची नाही असं केलं तर काय बिघडतं, असंही मनात येऊन गेलं. पण त्याला स्वतःची खात्री नव्हती. ती रेस आणि चावी यांची गाठ त्याच्या अंगात इतकी पक्की बसली होती की एक आली की दुसरी आपसूक येणार. शिवाय पंखा आताच भाजून निघाला होता. मागं नवरी घुंगट ओढून बसली होती, तीही वाट पाहत असणार.

राजपाल कानाशी वाकला. "दे ना बा," तो हळूच म्हणाला. "नायक सोता आले. एका रेसनं काय होते?"

मदनसिंगनं मुलाकडे पाहिलं.

"एका रेसनं काय होते ते मी जगदेवच्या टेबलावर पाह्यलं हाय," तो म्हणाला. त्यानं पाय उचलला, सीटवर घेतला आणि मांडी घातली. खिशातून अडकित्ता आणि सुपारी काढली.

डफ वाजवणारे एकमेकांकडे पाहू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हातारा झाला." कोणी बाई कुजबुजली की असं करू नये, शुभ नसतं. नायकाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मदनसिंगच्या कानशिलांवरून घाम वाहत होता, पण अडकित्ता एका लयीत चालत होता. पहिली कातर पडली तशी त्यानं ती तळहातावर घेतली, दुसरा हात कोपराला लावला आणि खिडकीतून अदबीनं नायकापुढं धरली.

"नायक, रागावू नका," तो म्हणाला. "घाट चढून आली हाय, तिचा दम बसू द्या. गाडी चालूच राहन, नवरीले उतरवा. तुमच्या नातसुनेले मी अजून लई वर्षं माहेराले नेऊन आनीन. पन त्यासाठी गाडी राह्यली पाह्यजे, अन् गाडीवर मी राह्यलो पाह्यजे."

लग्नाच्या दारात कोणी दोन्ही हातांनी सुपारी पुढं केली तर ती नाकारता येत नाही, मग देणारा कोणीही असो. मोहनसिंग नायक क्षणभर त्या तळहाताकडे पाहत राहिला. मग त्यानं सुपारी उचलून तोंडात टाकली आणि डफवाल्यांकडे पाहून मान हलवली. डफ सुरू झाले. नवरी गाडीच्या संथ घुरघुरीवर उतरली. नायक त्या दिवशी मदनसिंगशी पुन्हा बोलला नाही, आणि जेवायला बोलवायलाही दुसऱ्यालाच पाठवलं. पण सुपारी खाल्ली होती, ती खाल्लीच होती.

सुपारी संपली. मदनसिंगनं चावी फिरवली. राजपाल मांडव ओलांडून आडोशाला गेला आणि फोन लावून बोलू लागला. बापाला ऐकू जाईल इतक्या अंतरावरच तो उभा होता, बहुधा मुद्दामच. "लखन, तू माह्या गाडीची वाट नको पाहू," तो म्हणत होता. "दुसरी भेटली तर धर. नाई, बा चालवते ना. बाच चालवन." मदनसिंगनं ऐकलं नाही असं दाखवलं आणि रुमालानं तोंड पुसता पुसता डोळेही पुसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो नेहमीसारखा अकोल्याहून आला. गाडी दारात उभी केली, हँडब्रेक ओढला, मांडी घातली, सुपारी काढली. प्रवासी उतरत होते. खेमा मागं सुपारीसाठी बसून होता. शेजारी टीव्ही मोठ्यानं चालला होता, नळावर बाया भांडत होत्या, आणि घरातून चुलीचा धूर निघत होता. आत रुपाबाईला काहीच ऐकू आलं नसणार. आजही भाकर गारच मिळणार.

मदनसिंग कातरता कातरता थांबला. त्यानं घराच्या दाराकडे पाहिलं. त्या घरात आता त्याच्यापेक्षा मोठं कोणी नव्हतं. त्यानं घसा खाकरला. मग त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली आणि हाक मारली.

"रुपाऽ!"

नळावरचं भांडण थांबलं. खेमानं सुपारीसाठी पुढं केलेला हात तसाच राहिला. घरात काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मदनसिंगला वाटलं, चुकलंच आपलं. तेवढ्यात पिठाचे हात तसेच घेऊन रुपाबाई दारात आली. डोक्यावरचा पदर कोपरानं सावरत तिनं आधी नळाकडे पाहिलं आणि मग गाडीकडे.

"एवढ्या मोठ्यानं कायले?" ती म्हणाली. "सारा तांडा ऐकून राह्यला."

"ऐकू दे. रेस बी साऱ्या तांड्यानंच ऐकली ना इतके साल."

ती पदर तोंडाशी धरून आत वळली. मदनसिंगनं उरलेली सुपारी घेतली आणि घाई न करता कातरू लागला. थोडी खेमाला दिली, थोडी आपण खाल्ली. इंजिन हळू चालत होतं. आतून तवा चुलीवर ठेवल्याचा आवाज आला, मग भाकर थापल्याचा. तेव्हा त्यानं चावी फिरवली.